आपत्तीच्या आधीची नोंदवही

९ डिसेंबर २०२० च्या सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. काही तास पाठलाग चालला. बघ्यांची झुंबड, मोबाईलचे कॅमेरे, भुलीची इंजेक्शने, दोर, जाळी असे सगळे झाले. शेवटी गवा पकडला गेला आणि त्याच दिवशी मेला. तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दी लांब रोखली गेली, त्याच्या मागे धावणे टाळले गेले आणि तो जंगलाकडे परतला. पहिल्याच्या मरणातून आपण शिकलो, असे तेव्हा बऱ्याच जणांनी समाधानाने म्हटले. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. खुराच्या प्राण्याला दमेपर्यंत पळवले की स्नायूंची मोडतोड होते, अंग तापते, रक्तातले आम्ल वाढते आणि पकडल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत तो दगावू शकतो. वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. ज्ञान होते, पण त्या सकाळी ते कोथरूडच्या गल्लीत हजर नव्हते. आणि शहराच्या कडेला गवा कधी, कुठून येतो याचा माग ठेवणारी सलग नोंद हाताशी असती, तर त्या दिवशी पोलीस आणि वनरक्षक तयारीने उतरले असते.

आपल्याकडे संशोधनाची हाक आपत्तीनंतर दिली जाते आणि बातमी विरली की ती हाकही विरते. पण वन्यप्राण्यांचे आरोग्य असो, जमिनीच्या पोटातली हालचाल असो किंवा आपत्तीने हादरलेले माणसाचे मन असो, महाराष्ट्रात या तिन्ही क्षेत्रांत संशोधनाचा उपयोग जिथे झाला तिथे तो आधीपासून किंवा नेटाने नंतरही चालू राहिलेल्या कंटाळवाण्या नोंदींचा होता. अशा नोंदी मुंबई-दिल्लीत बसून ठेवता येत नाहीत. त्यांची जागा तालुक्याच्या गावी आहे, आणि पौडपासून सुरुवात करायला हरकत नाही.

पौडच का, तर मुळशी तालुक्यात हे तिन्ही विषय एकाच रस्त्यावर येतात. चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट करत पौडला येतो आणि पुढे मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जातो. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे संगणक उद्योग, दुसऱ्या टोकाला शेकरूचे ताम्हिणी अभयारण्य आणि मधे डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या बंगल्यांच्या रांगा. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सात-साडेसातशे मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. त्या दिवशी मुळशीत दरडी कोसळल्या आणि लवासात डोंगराचा राडारोडा बंगल्यांवर आला. पौडात तहसील कचेरी आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, वनपरिक्षेत्र कार्यालय आहे. यातले कुठलेही कार्यालय दुसऱ्यापासून फार लांब नाही. पण पावसाचा आकडा एका साहेबाकडे जातो, कुत्रा चावलेल्याची नोंद दुसऱ्याकडे, मेलेल्या जनावराचा पंचनामा तिसऱ्याकडे. गाव एकच असते, कागद मात्र वेगवेगळ्या जिन्यांनी वर चढतात आणि पुन्हा खाली येत नाहीत.

मुळशीचे धरण टाटांनी बांधायला घेतले तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमीन बुडते हा त्यांचा आक्षेप होता. साठलेल्या पाण्याच्या दाबाने जमिनीखाली काय होईल, हा प्रश्न त्या काळात कोणाला सुचण्यासारखा नव्हता. तो विचारायला भाग पाडले कोयनेने. दख्खनचे पठार म्हणजे न हलणारा जुना कातळ, असे तेव्हा भूशास्त्रात धरून चालत. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि आसपासच्या लोकांना जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागले, हादरे जाणवू लागले. गावकऱ्यांचा भ्रम म्हणून हात झटकणे सोपे होते. तसे झाले नाही. १९६३ पासून तिथे भूकंपमापके बसली आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हादरे आणि जलाशयाची पातळी यांचा हिशेब मांडायला सुरुवात केली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. भूकंप कोणी थांबवला नाही, त्याची वेळही कोणी सांगितली नाही. पण चार वर्षांच्या नोंदी हाती होत्या म्हणून धरणातले पाणी आणि भूकंप यांचा संबंध पुराव्यानिशी तपासता आला. धरणामुळे चेतवलेल्या भूकंपांवर जगात कुठेही लिहिले जाते तेव्हा कोयनेचे नाव येते ते त्या चार वर्षांमुळे. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला आणि द्वीपकल्पात भूकंप होतच नाही हे गृहीतक इमारतींच्या संहितेतून गेले.

कोयनेची गोष्ट तिथे संपली नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी त्या एका भागावर आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. सुमारे २० गुणिले ३० किलोमीटरच्या एवढ्याशा टापूत हादरे का एकवटतात, हे पाहण्यासाठी कराडला भूविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल विवर खणून झाले. सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली थेट जुना ग्रॅनाइटी खडक लागला. मधे गाळाच्या खडकांचा थर असेल ही अटकळ फोल ठरली. साठ वर्षे एकाच जागेकडे टक लावून बसणे आपल्या शासनव्यवस्थेच्या स्वभावात नाही. कोयनेत ते घडले, कारण वीज तिथे तयार होते. पौडच्या वरच्या वाड्यांमधून वीज निघत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला असे टक लावून बसणे येत नाही, असे म्हटले तर ते कडवट वाटेल. पण खोटे ठरणार नाही.

जमिनीवरून जंगलाकडे वळू. जुन्नर वन विभागात उसाच्या शेतांत बिबटे वाढू लागले तेव्हा माणसांचे बिथरणे रास्त होते. २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा कार्यक्रम राबवला गेला. उपाय कोणालाही पटण्यासारखा होता, कारण जंगलचा प्राणी जंगलात गेला की गाव सुटले असे वाटणे साहजिक आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या हल्ल्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या तेव्हा चित्र उलटे निघाले. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. शंभराहून अधिक बिबटे हलवण्याचा हा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते वर्षाला सरासरी १७ वर गेले आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. ज्या जंगलांच्या कडेला बिबटे सोडले, तिथे पूर्वी क्वचित होणारे हल्ले होऊ लागले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात घायाळ झालेला, आपला टापू शोधत माणसांच्या वस्तीतून चालणारा प्राणी अधिक धोकादायक असतो, हे आता समजावून सांगता येते. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या आठवा. २००९ मध्ये गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेजच्या बाजूला सोडले, तर तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. पट्टा नसता तर त्या प्रवासाचा पत्ता कोणाला लागला असता?

अकोले तालुक्याच्या खोऱ्यात याच गटाने केलेला अभ्यास सांगतो की राखीव जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे राहत होते. त्यांच्या विष्ठेतून निघालेल्या खाद्याचा हिशेब आणखी बोलका आहे. भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव प्राण्यांचे आणि त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा. म्हणजे बिबट्याचे आरोग्य हा जंगलापुरता प्रश्न राहत नाही. तो गावातल्या उकिरड्याचा, लस न दिलेल्या कुत्र्याचा, उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या जनावराचा प्रश्न होतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग पसरला आणि वीसहून अधिक सिंह गेले. रोज कुत्री खाणाऱ्या बिबट्यांच्या मुलखात या रोगाची भीती कागदावरची नाही. हीच साखळी दुसऱ्या टोकाने गिधाडांपासून सुरू होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरला १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती, म्हणून १९९० च्या दशकात ती नाहीशी होत असल्याचे छातीठोकपणे सांगता आले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याचे कारण, हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या शवविच्छेदनातून सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवापरावर बंदी घातली. गिधाडे गेल्याने भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२४ मध्ये अर्थशास्त्राच्या एका मातब्बर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंदाजाच्या आकड्यावर वाद घाला, पण गुराच्या औषधापासून, गिधाडांवाचून पडून राहिलेल्या मढ्यांवर वाढलेल्या कुत्र्यांमार्फत, माणसाच्या रेबीजपर्यंत जाणारी वाट नाकारता येत नाही. ही वाट कोणत्या एका खात्याच्या नोंदवहीत दिसेल? कोणत्याच नाही.

आता डोंगराकडे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर पोचली ती त्या मार्गावर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. उपग्रहांच्या काळातली ही गोष्ट आहे. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमला परिसरावर दरड आली आणि अडीचशेहून अधिक जीव गेले. वायनाडचा प्रसंग पुणेकरांनी मुद्दाम अभ्यासावा. तिथे कल्पेट्ट्याला ‘ह्यूम सेंटर’ नावाची संस्था आहे, तिचा विषय वन्यजीवशास्त्र. प्राणी, पक्षी, जंगल यांचा अभ्यास करता करता पावसाशिवाय काहीच कळत नाही हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी शेतकरी, मळ्यांतले लोक यांच्या मदतीने जिल्ह्यात दोनशेहून अधिक ठिकाणी पाऊस मोजायला सुरुवात केली. २०२० मध्ये त्यांच्या इशाऱ्यानंतर मुंडक्कईतली माणसे हलवली गेली, दरड आली पण जीवितहानी टळली. २०२४ मध्येही आदल्या दिवशी सकाळी त्यांनी प्रशासनाला इशारा दिला होता. त्यावर पुरेशी हालचाल झाली नाही. याचा अर्थ नोंद निरुपयोगी होती असा कोणी काढेल काय? एकाच संस्थेच्या, एकाच प्रकारच्या आकड्यांवर एका वर्षी माणसे वाचली आणि दुसऱ्या वर्षी वाचली नाहीत. फरक आकडे ऐकणाऱ्यांमध्ये होता.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांच्या पातळीवर बसली आहेत. पीक विम्यासाठी ती ठीक. पण घाटमाथ्यावर एका मंडळातल्या दोन वाड्यांमध्ये पावसाचा फरक इतका असतो की मंडळाचा आकडा वरच्या वाडीला फसवू शकतो. दरड कोसळण्याआधी जमिनीला भेगा पडतात, झरा अचानक गढूळ होतो किंवा नव्या जागी फुटतो, झाडे आणि विजेचे खांब कलतात, दारे चौकटीत अडकू लागतात. हे पाहायला यंत्र लागत नाही. रोज त्या वाटेने जाणारा गुराखी, पाणी भरणारी बाई, शाळेत चालत जाणारी मुले यांना ते दिसतेच. ते दिसलेले लिहून घेणारा आणि वाचणारा माणूस मात्र लागतो.

मनाच्या बाबतीत तर लिहून घेणाराच नसतो. किल्लारीचे उदाहरण जमीन आणि मन अशा दोन्ही अंगांनी बोलते. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात हादरे जाणवत होते, पण जवळपास भूकंपमापकांचे जाळे नव्हते, म्हणून त्या हादऱ्यांचा नीट अर्थ लावायला पुरेसा मजकूरच हाती आला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादमधली आठ ते दहा हजार माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर महिन्याभराने केलेल्या एका छोट्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये मानसिक आजाराची लक्षणे आढळली. तो अभ्यास अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांचा पाठपुरावा केला. रंगभूमीवरचे आगाशे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, हे काम मात्र फार थोड्यांना. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरांच्या मजबुतीवर, चौरस फुटांवर, भूकंपरोधक पट्ट्यांवर अहवालांचे ढीग झाले. गल्ली, शेजार, ओटा तुटल्याने जे गेले त्याचा हिशेब त्या ढिगात शोधावा लागतो.

माळीण आणि तशाच दरडींखाली गेलेल्या तळीये, इर्शाळवाडी यांच्याबाबत हाच प्रश्न विचारायला हवा आणि बिबट्याच्या हल्ल्यात मूल गमावलेल्या घराबाबतही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे मेली, महामार्ग अडवले गेले, पिंजरे आले, नेमबाज आले. भरपाईची फाईल चालली. त्या घरातली आई सहा महिन्यांनी झोपते का, भाऊ शाळेत जातो का, शेजारी संध्याकाळी पाण्याची मोटर चालू करायला बाहेर पडतात का, हे विचारायला कोण गेले? जखमेच्या खोलीची नोंद दवाखान्यात होते, दहशतीची नाही. आणि दहशत मोजली नाही की ती रागातून व्यक्त होते, मग पुन्हा सगळे बिबटे दुसरीकडे हलवा अशी मागणी उठते. जुन्नरच्या २००१ नंतरच्या नोंदी सांगतात की त्या मागणीचा शेवट कुठे होतो. मनाचा अभ्यास झाला नाही म्हणून प्राण्याविषयीचा निर्णय चुकतो, इतका या विषयांचा एकमेकांशी संबंध आहे.

यावर पहिला आक्षेप प्रामाणिक आहे: नोंदी ठेवायच्या कोणी? तलाठ्याकडे आधीच दहा कामे, आशाताईंच्या मोबाईलवर डझनभर ॲप, वनरक्षकाकडे हजारो एकर. आणखी एक रजिस्टर लादले तर ते घरी बसून भरले जाईल. या भीतीला पुरावाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही असावी असे सांगितले. वर्षानुवर्षे काही झाले नाही, आणि राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर देशभर नोंदवह्या घाईघाईने तयार झाल्या. त्यातल्या बऱ्याच कपाटात आहेत. पण त्या फसल्या कशामुळे? त्या एकदाच लिहायच्या होत्या आणि त्या वाचून कोणाला काही ठरवायचे नव्हते. ज्या नोंदीवर पुढच्या आठवड्यातला निर्णय अवलंबून असतो ती कोणी खोटी भरत नाही, भरली तर लगेच उघडी पडते. नवी नोकरशाही उभी करण्याचीही गरज नाही. तालुक्याला एक माणूस पुरे, ज्याचे एकमेव काम तिन्ही खात्यांचे आधीच होणारे लेखन एका जागी आणणे, गावांतून येणारे निरीक्षण त्यात घालणे आणि महिन्याला एक पान ग्रामपंचायतींना परत पाठवणे. साधे पर्जन्यमापक बऱ्या मोबाईलपेक्षा स्वस्त असते आणि ते वाचायला सातवी-आठवीतला विद्यार्थी पुरतो.

दुसरा आक्षेप विद्यापीठांतून येतो. गावकऱ्यांनी भरलेले आकडे म्हणजे संशोधन नव्हे, त्याला प्रयोगशाळा लागते, प्रशिक्षण लागते. ताम्हिणी उतरून पलीकडे महाड तालुक्यात जा. तिथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात नोकरीला लागलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे ठोके, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय यांच्या नोंदी रात्र रात्र बसून ठेवल्या. त्यातून तांबड्या विंचवाच्या विषाने हृदयावर काय घडते ते उलगडले, १९८२ मध्ये त्यांचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने कोकणातले असंख्य जीव वाचले. प्रयोगशाळा नव्हती, खाटेवरचा रुग्ण आणि वही होती. दुसरे उदाहरण पुण्याचे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात क्यासनूर रोगाचा विषाणू शोधला. त्या शोधाची पहिली पायरी जंगलात मरून पडणारी माकडे ही होती. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात लोकांना हाच रोग ‘माकडताप’ म्हणून परिचयाचा झाला. मेलेले माकड दिसल्याचा निरोप वेळेत पोचला तर गोचिडांपासून सावध करता येते, लोकांना जंगलात जाण्यापासून रोखता येते. निरोप देणारा शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. त्या निरोपाची दखल घेणारी प्रयोगशाळा असावी लागते, आणि ती पौडपासून लांब नाही. विषाणू संस्थेचा अतिसुरक्षित विभाग पाषाणला आहे, उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्था तिथेच आहे, जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे रेस्क्यू ट्रस्ट बावधनला आहे, खडकवासल्याचे जल संशोधन केंद्र थोडे पलीकडे. इतक्या संस्था देशात फार थोड्या तालुक्यांच्या उंबरठ्यावर असतील. मुळशीत त्यांचे शास्त्रज्ञ येतात बहुधा सुटीच्या दिवशी, भजी खायला.

तिसरा आक्षेप उघडपणे फारसा बोलला जात नाही, पण मुळशीत तोच सर्वांत जड आहे. उतारावरच्या भेगा, बिबट्याचा वावर, दरडीचा धोका हे गावाच्या फळ्यावर लावले तर जमिनीचे भाव पडतील, पर्यटक येणार नाहीत, लोक घाबरतील. पश्चिम घाटाबाबतचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला आणि २०१२ च्या मे महिन्यापर्यंत लोकांसमोर आला नाही, त्यामागे अशीच भीती होती. अहवालातल्या शिफारशींशी मतभेद असू शकतात, माझेही काही बाबतींत आहेत. गावांना त्यांच्याच डोंगराविषयीची माहिती न देण्याचे समर्थन मात्र करता येत नाही. माहिती दडवल्याने धोका कमी होत नाही, फक्त तो ठरवून स्वीकारण्याचा हक्क गावाकडून काढून घेतला जातो. जमिनीचा भाव म्हणाल तर डोंगर कापून बांधलेल्या बंगल्यावर एक दरड आली की अख्ख्या खोऱ्याचा भाव जातो. धोका आधी नोंदलेला असेल तर निदान कुठे बांधू नये एवढे तरी कळते.

एक मर्यादा मान्य करायला हवी. अशा नोंदींतून उद्या भूकंप येणार की परवा, हे कळणार नाही. कोयनेच्या साठ वर्षांनंतरही ते कळत नाही. कोणता बिबट्या माणसावर झेपावेल, हेही नाही. भाकीत मिळणार नसेल तर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना उत्तर इमारतींच्या संहितेत आहे. कोयनेनंतर नकाशा बदलला, किल्लारीनंतर २००२ मध्ये पुन्हा बदलला आणि लातूरचा भाग वरच्या धोक्याच्या विभागात गेला. त्या नकाशात पुणे तिसऱ्या विभागात आहे. भाकितावाचूनही घर कसे बांधायचे, पिंजरा कुठे लावायचा नाही, कोणती वाडी जुलैत हलवायची आणि कोणत्या घरी सहा महिन्यांनी पुन्हा जायचे, एवढे ठरवता येते. हे निर्णय आजही रोज घेतले जातात, फक्त अंदाजपंचे.

पुणे जिल्हा नियोजन समितीने मुळशीत हा प्रयोग तीन वर्षांसाठी मंजूर करावा: तालुक्याला एक नोंद-अधिकारी, घाटमाथ्यावरच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक, मेलेल्या वन्य व पाळीव प्राण्यांची एकत्र नोंद आणि नमुने पाठवण्याची ठरलेली वाट, आणि कोणत्याही जीवघेण्या घटनेनंतर त्या घराचा एक महिना, सहा महिने, एक वर्ष व दोन वर्षांनी मानसिक आरोग्याचा पाठपुरावा. पाठपुरावा संमतीनेच व्हावा आणि त्याची नावे फळ्यावर जाऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको. सरकार हलेपर्यंत थांबण्याचे कारणही नाही. १ मे रोजी ग्रामसभा असते, पावसाला तेव्हा पाच-सहा आठवडे उरलेले असतात. मुळशीतल्या वाचकांनी त्या सभेत दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे: आपल्या वाडीचा पाऊस कोण मोजतो, आणि २०० मिलिमीटर पडला तर तो कोणाला फोन करतो?